१२ जण हवेत, १४ दिवसांसाठी (आमचा कबड्डीचा गेम)

तिसरी_चढाई | १४ जून, रात्री ११:५२

मंडळी, सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा आणि तोही मागणं घेऊन, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून कबड्डीचा मोबाइल गेम करतोय. मी कोपरखैरणेचा, दुसरा कळव्याचा, तिसरी खारघरची. तिघांपैकी गेम कंपनीत कुणीच नाही. मी ऐरोलीच्या एका ऑफिसात दिवसभर पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करतो, कळवेकर लग्नाचे अल्बम करतो आणि खारघरच्या बाई शाळेत गणित शिकवतात. तीन वर्षांचे शनिवार-रविवार ह्यात गेलेत. घरचे आता विचारतही नाहीत.

का करतोय ते सांगतो. कबड्डीचे जे दोन-चार गेम मी फोनवर घेऊन पाहिले, त्यात चढाईपटू धावत जातो, बटण दाबलं की लाथ मारतो, परत येतो. दम कुठेच नाही. दम नसलेली कबड्डी म्हणजे शिवाशिवी. म्हणून आमच्या गेममध्ये दम फोनच्या माइकवर घ्यायचा. चढाई सुरू झाली की तुम्ही तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं, एका श्वासात. थांबलात की दम सुटला, चढाईपटू बाद. वर ३० सेकंदांचं घड्याळ आहेच.

आता अडचण. गूगल प्लेवर खातं काढायला २५ डॉलर लागतात, ते एकदाच भरून झाले. पण वैयक्तिक खातं नवीन असेल तर किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. मग अर्ज, मग त्यांची तपासणी, त्यात आणखी साधारण आठवडा. १२! मैदानावर ७ आणि राखीव ५. नियम करणाऱ्याला कबड्डी ठाऊक नसणार, पण आम्हाला शकुन वाटला. घरचे धरून राखीव ५ तयार आहेत. मैदानावरचे ७ हवेत.

१५ जुलैला गेम बाहेर काढायचा बेत आहे. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, कबड्डी दिन.

अँड्रॉइड फोन, एक ईमेल आणि रोजची दहा मिनिटं. कोण येतंय?

चिवडा_प्लस | १५ जून, सकाळी ८:०४

मी पयला. ट्रान्स हार्बर लोकलमध्ये उभा राहून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला लागलो तर लोक मला तुर्भ्याला उतरवून घेतील, पण कलेसाठी एवढं चालतं. ह.घ्या. (हलकं घ्या). नाव लिहा.

पामबीच_रात्री | १५ जून, सकाळी १०:१७

नाउमेद करायचं नाही, पण स्पष्ट बोलतो. मी दरवर्षी मोठे फुटबॉल गेम विकत घेणारा माणूस. त्यामागे शेकडो लोक, मोशन कॅप्चरचे (अंगाची हालचाल टिपणारे) सूट, क्लबांशी करार असतात. तिघं जण शनिवार-रविवारी काय उभं करणार? ग्राफिक्स बघून लोक पाच मिनिटांत काढून टाकतील. माइकची कल्पना गंमत म्हणून ठीक, दुसऱ्या दिवशी कंटाळा.

क्रिकेट०७_अजूनही | १५ जून, दुपारी १:३०

@पामबीच, माझं नाव वाचा आधी.

‘क्रिकेट ०७’, २००६ च्या अखेरीस आलेला ईए स्पोर्ट्स कंपनीचा गेम. त्यानंतर त्या कंपनीने क्रिकेट सोडलं ते सोडलंच. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचे संघ तेवढे अधिकृत, आपली मंडळी बदललेल्या नावांनी. तरीही माझ्या लॅपटॉपवर त्यात आयपीएलचे संघ आहेत, आणि गेम आला तेव्हा आयपीएलचा जन्मसुद्धा झाला नव्हता! केलं कुणी हे? पोरांनी. कुणी जर्सी रंगवल्या, कुणी बॅटवरचे स्टिकर, कुणी चेहरे. मी २०११ साली नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचं छत करायला घेतलं होतं. बारावी आली, अर्धं राहिलं. अजून कुठल्या तरी हार्ड डिस्कवर ते अर्धं छत आहे.

एकट्यादुकट्याचं म्हणाल तर न्यू स्टार सॉकर एका माणसाने सुरू केला आणि २०१३ मध्ये खेळांच्या विभागात बाफ्टा पुरस्कार घेऊन गेला. २०१९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एआयला फुटबॉल शिकवायचं ठरवलं, तेव्हा पायाला घेतलेला ‘गेमप्ले फुटबॉल’ हाही एकाच माणसाने लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. कंपनीला शक्य नसतं ते हौसेला असतं, कारण हौसेला मार्चअखेर नसते.

तिसरीभाऊ, माझं नाव घ्या. छत हवं असेल तर तेही देतो.

उजवा_कोपरा | १५ जून, रात्री ९:४५

मी कोपरीची, वय ५२. विद्यापीठाकडून खेळले, नंतर दहा-बारा वर्षं मंडळाकडून. गेमबिम कळत नाही, पण भाच्याने धागा दाखवला म्हणून विचारते.

१. बोनस कसा मोजता?
२. बाद झालेला खेळाडू आत येतो तो कुठल्या क्रमाने?
३. बायका आहेत का?

उत्तरं नीट आली तर येईन चाचणीला.

तिसरी_चढाई | १५ जून, रात्री ११:२०

ताई, दंडवत. परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय.

१. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. हे आम्ही दोन्ही पायांच्या हाडांची जागा सेकंदाला ६० वेळा तपासून करतो. फोन जुना असेल तर मागचा पाय कधीकधी जमिनीत घुसतो आणि बोनस नाकारला जातो. काम चालू आहे.

२. ज्या क्रमाने बाद, त्याच क्रमाने आत.

३. नाहीत. ह्यावर खारघरच्या बाई माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हत्या. खरं कारण सांगतो, लाज वाटते तरी. पुरुषांचं मैदान १३ बाय १०, महिलांचं १२ बाय ८. निदान रेषा पुरुषांना मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, महिलांना ३ मीटरवर. सुरुवातीला मी हे आकडे कोडमध्ये जिथे लागले तिथे हाताने लिहीत गेलो. एका जागी लिहून सगळीकडे वापरायला हवे होते. आता मोजले तर ४१ ठिकाणी आहेत.

उजवा_कोपरा | १५ जून, रात्री ११:४१

४१ ठिकाणी बदला मग. येते मी. ईमेल भाचा पाठवेल.

खोखोवाली | १६ जून, सकाळी ७:५०

सगळ्यांचं कबड्डी कबड्डी चाललंय म्हणून विचारते, खोखोचा गेम का नाही? २०२२ मध्ये लीग सुरू झाली, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपणच जिंकलो. पाटीवर आठ बसलेले, एक पळणारा, समोर तीन धावणारे. प्रोग्रॅमरला तर मेजवानी आहे.

तिसरी_चढाई | १६ जून, सकाळी ८:३५

मेजवानीच आहे, म्हणूनच घाबरतो. कबड्डीत एका वेळी एकाच माणसाला चालवायचं असतं. खोखोत दर दोन सेकंदांनी तुमचा माणूस बदलतो आणि आठांपैकी चौघांची तोंडं इकडे, चौघांची तिकडे. अंगठा कुठे ठेवायचा हेच कळेना. कागदावर करून पाहिलंय, पाच पानांनंतर सोडलं.

वकील_नाही_पण | १६ जून, दुपारी ४:१०

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक सावधगिरीची सूचना, कारण ह्याच दगडाला भलेभले ठेचकाळलेत.

खेळाचे नियम कुणाच्या मालकीचे नसतात. चढाई, पकड, लोण बिनधास्त वापरा. पण लीगचं नाव, संघांची नावं, बोधचिन्हं, जर्सी आणि खेळाडूंचे चेहरे वापरू नका. ‘आम्ही फुकट देतोय’ ही सबब चालत नाही.

नाव न घेता नुसतं सुचवणंही अंगाशी येऊ शकतं. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे गेम निघायचे. खेळाडूंची नावं नसायची, पण जर्सीचा नंबर, उंची, रंग सगळं जुळायचं. एड ओ’बॅनन नावाच्या जुन्या बास्केटबॉलपटूने स्वतःलाच एका गेममध्ये पाहिलं आणि २००९ मध्ये दावा लावला. अशा खटल्यांचा परिणाम म्हणून कॉलेज फुटबॉलची मालिका २०१३ च्या अंकानंतर बंद पडली, ती थेट २०२४ मध्ये परतली. तेव्हा गेममध्ये यायला तयार झालेल्या खेळाडूंना ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. मधली अकरा वर्षं चाहते २०१३ चाच गेम नव्या संघांनी सजवून खेळत होते.

तेव्हा तुमचे संघ पूर्ण काल्पनिक ठेवा.

तिसरी_चढाई | १६ जून, रात्री १०:०५

साहेब, (नसलात तरी) आभार. संघांना आम्ही नावंच दिलेली नाहीत. ‘संघ १’ ते ‘संघ १६’. नाव, रंग, खेळाडू, सगळं खेळणाऱ्याने भरायचं आणि फाइल मित्राला पाठवायची. घरच्या चाचणीत पाचपैकी तिघांनी संघाचं नाव ‘जय हनुमान’ ठेवलं. उपांत्य फेरीत जय हनुमान विरुद्ध जय हनुमान, अंतिम फेरीतही जय हनुमान. खऱ्या जिल्हा स्पर्धेपेक्षा फार वेगळं नाही ते.

मैदानाभोवती कंपन्यांच्या जाहिरातींऐवजी कळवेकराने वाढदिवसाचे फ्लेक्स लावलेत. काळे गॉगल, पांढरे शर्ट, खाली शुभेच्छुकांचे १४ गोल फोटो. सगळे चेहरे त्याने स्वतःच्याच चेहऱ्यावर मिश्या-दाढ्या चढवून केलेत, त्यामुळे तिथेही दावा लागायचा नाही.

मातीतला | १७ जून, सकाळी ६:२०

मॅट की माती? मॅट असेल तर मला वगळा. बूट घालून कबड्डी खेळतात म्हणे.

तिसरी_चढाई | १७ जून, सकाळी ८:२२

काका, दोन्ही आहे. मातीवर पाय जरा जास्त घसरतो आणि सूर मारला की धूळ उडते. मॅटवर वळणं झपकन घेता येतात. पावसाळी मैदान करणार होतो, पण चिखलात सगळे सारखेच दिसायला लागले.

मातीतला | १७ जून, सकाळी ८:४०

धूळ कुठल्या रंगाची?

तिसरी_चढाई | १७ जून, सकाळी ८:४४

तांबडी.

मातीतला | १७ जून, सकाळी ८:४५

नाव घ्या.

आईची_नजर | १७ जून, दुपारी ३:००

माइकची परवानगी मागणारा गेम मुलाच्या फोनवर कसा घालू? आवाज कुठे जातो?

तिसरी_चढाई | १७ जून, रात्री ९:१५

प्रश्न अगदी रास्त. कुठेच जात नाही. गेम इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे पाठवायचं म्हटलं तरी वाट नाही. आवाज साठवतही नाही. चढाई सुरू होताना एक सेकंद आजूबाजूचा गोंगाट मोजतो. त्यावर तुमचा आवाज चढला की दम चालू. मधे ३५० मिलिसेकंदांहून जास्त शांतता पडली की दम सुटला. शब्द ओळखत नाही, ‘बटाटा बटाटा’ म्हटलंत तरी चालेल. (पुतण्याने शोधून काढलं.) बोलायचं नसेल त्यांच्यासाठी मौन मोड आहे, बटण ठेक्यात दाबत राहायचं. पण त्यात मजा अर्धी.

आईची_नजर | १७ जून, रात्री ९:३२

मग ठीक. एक माझं, एक अहोंचं.

घणसोलीकर | १८ जून, सकाळी ९:०१

मीपण. आता किती झाले?

तिसरी_चढाई | १८ जून, सकाळी ९:२६

चिवडा, क्रिकेट०७, ताई, काका, आईची नजर आणि त्यांचे अहो, घणसोलीकर. सात! आजपासून दिवस मोजायला सुरुवात. २ जुलैला अर्ज, ९-१० पर्यंत तपासणी. १५ गाठतोय.

उजवा_कोपरा | २० जून, रात्री १०:३०

तुम्ही लिहिलंत ‘ज्या क्रमाने बाद त्याच क्रमाने आत’. तसं होत नाहीये. माझा मधला बचावपटू तिसऱ्या मिनिटाला बाद झाला, तो लोण पडेपर्यंत बाहेरच. आत्ता गेलेला मात्र लगेच परत. बाहेर बसलेल्याच्या अंगात बर्फ झाला असेल.

तिसरी_चढाई | २० जून, रात्री ११:१५

ताई, साष्टांग. बरोबर आहे तुमचं. रांग लावायची होती, मी ताटांची चळत लावली. जे ताट शेवटी ठेवलं तेच आधी हातात येतं. तीन वर्षांत आम्हा तिघांच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही सगळे फक्त चढाईकडे बघत होतो. दुरुस्त केलंय, उद्या नवी आवृत्ती.

उजवा_कोपरा | २० जून, रात्री ११:३०

बघणारे सगळे चढाईच बघतात. कोपरा कोण बघतो.

पामबीच_रात्री | २१ जून, दुपारी १२:४८

चाचणीत नाही, पण चिवड्याच्या फोनवर पाहिला. पकड फारच विनोदी आहे. उजव्या कोपऱ्याने घोट्याला हात घातला, चढाईपटू सुटून पळाला आणि बचावपटूचा हात ऐरोलीपासून घणसोलीपर्यंत लांबला. रबर?

तिसरी_चढाई | २१ जून, रात्री ११:५०

पकडीवर सविस्तर लिहितो, कारण आमची अर्धी अक्कल तिथेच खर्च झाली.

क्रिकेटच्या गेममध्ये माणूस माणसाला सहसा हात लावत नाही. फुटबॉलमध्ये धक्का लागतो आणि सुटतो. कबड्डीत एकाला चौघं बिलगतात आणि पाचही जण हलत राहतात. दोन वाटा असतात. एक, पकडणारा आणि पकडला जाणारा दोघांची हालचाल आधीच जोडीने तयार ठेवायची. दिसायला सुरेख, पण प्रत्येक वेळी तश्शीच, आणि खेळणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. दुसरी वाट म्हणजे अंगं भौतिकशास्त्राच्या हवाली करायची. खेच आणि वजन यांचा हिशेब ज्याचा त्याने सोडवायचा. ह्यात चढाईपटू कधी निसटतो, कधी आकाशात जातो.

आम्ही मधली वाट काढली. पहिला स्पर्श तयार हालचालीने, तिथून पुढे झटापट हिशेबाने. साखळीतल्या दोघांचे हात एका अदृश्य दोरीने बांधलेत. दोरी ठरावीक ताणापलीकडे तुटायला हवी. तुमच्या बाबतीत ती तुटली नाही, हात लांबला.

ती तयार हालचाल कुठून आणली? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चार जुन्या गाद्या टाकून. सूट परवडत नाही, म्हणून दोन फोन दोन कोपऱ्यांत उभे केले आणि मी चढाईपटू, कळवेकर कोपरा. त्याने माझा घोटा धरला, मी सवयीप्रमाणे हात टेकून पडलो. ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकेक चौकट बघत पुतळ्याला तसं वाकवायचं म्हणून व्हिडिओ घेऊन बसलो तर कळलं, आम्ही दोघंही घाबरून पडतोय. पकडणारा आधीच सोडतोय, पडणारा आधीच पडतोय. पुतळाही तसाच घाबरट होणार. एवढ्यात सुरक्षारक्षक दादा टाकीचं पाणी बघायला वर आले. गावाकडे खेळलेले. म्हणाले, सरका. कळवेकराला म्हणाले, तू ये अंगावर. मग जे झालं ते दोन सेकंदांत. दादांनी घोट्याला हात घातलाच नाही, आधी खांदा त्याच्या मांडीला टेकवला, वजन खाली गेलं आणि मग हात. कळवेकर गादीच्या बाहेर. गेममधली घोट्याची पकड दादांची आहे. श्रेयनामावलीत त्यांचं नाव पहिलं.

ता.क. सोसायटीच्या सचिवांनी गच्चीला कुलूप लावलंय, म्हणून दुसरी पकड तयार नाही.

उजवा_कोपरा | २२ जून, सकाळी ७:१०

मांडीला खांदा. बरोबर शिकवलं त्यांनी.

वकील_नाही_पण | २२ जून, दुपारी २:२५

अवांतर: लॉबीचा (मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांचा) नियम कुठला धरलाय? हांगझोऊच्या आशियाई खेळांतल्या अंतिम सामन्यावरून विचारतोय. ऑक्टोबर २०२३, भारत-इराण, २८-२८, मिनिटभर उरलेलं. आपला चढाईपटू स्पर्श न करता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही. जुन्या नियमाने एक निकाल, नव्याने दुसरा. तासभर खेळ थांबला, दोन्ही संघ मैदानावर बसून राहिले. शेवटी आपल्याला ३, त्यांना १ आणि आपण ३३-२९ ने जिंकलो.

तिसरी_चढाई | २२ जून, रात्री १०:४०

तो सामना बघताना आमच्या गेमला सात महिने झाले होते आणि आम्ही तिघं फोनवर एकमेकांवर ओरडत होतो. आधीच्या महिन्यात युनिटीने (ज्यात आम्ही गेम बनवत होतो ते सॉफ्टवेअर) प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे लावायची घोषणा केली होती (पुढे मागे घेतली), म्हणून घाबरून सगळं सामान गोडो नावाच्या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवत होतो. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. ते करताना लॉबीचा नियम परत लिहायचाच होता. आता सेटिंगमध्ये खटका आहे, ‘लॉबी: जुना / नवा’. सामन्याआधी दोघांनी मान्य करायचं. आपल्याकडे एवढा एक खटका बसवला तरी अर्धी भांडणं मिटतील. (ह.घ्या.)

चिवडा_प्लस | २४ जून, सकाळी ८:१९

ऐतिहासिक नोंद. आज ठाण्याहून वाशीकडे जाताना दरवाज्याजवळ २१ सेकंद दम काढला. शेजारचे काका म्हणाले, ‘श्वास चोरतोयस.’ मग त्यांनी फोन घेतला, १७ सेकंदांत सुटले. सानपाड्यापर्यंत अख्खा कोपरा खेळत होता.

पण काका खरं बोलले. मी ‘ड्डी’ आणि ‘क’ च्या मधे नाकाने चोरतो. ३५० मिलिसेकंद पुष्कळ होतात. कमी करायचे का?

तिसरी_चढाई | २४ जून, सकाळी ९:०२

करायलाच हवेत. २०० वर आणतो.

उजवा_कोपरा | २४ जून, दुपारी १:१५

आणू नका. आम्ही सगळ्या चोरायचो. पंचांना कळणार नाही इतपत चोरता येणं ही कला आहे. एक मुलगी वळताना मान खाली घालून घ्यायची, तिचा दम म्हणून मोठं नाव होतं. तुम्ही ती चोरी काढून टाकलीत तर उरेल काय, फुग्यात हवा कोण जास्त भरतं एवढंच. उलट असं करा, चोरी पकडली जाण्याची शक्यता ठेवा. पंच जवळ असेल तर पकडेल, लांब असेल तर नाही.

तिसरी_चढाई | २४ जून, दुपारी १:५०

ताई, मी ऑफिसात जेवायचा थांबलोय. पंच आत्तापर्यंत नुसता उभा बाहुला होता. त्याला कान द्यायचे, आणि अंतराप्रमाणे २०० ते ४०० च्या मधे मर्यादा हलवायची. म्हणजे चढाईपटूने बाजू निवडताना पंच कुठे आहे तेही बघायचं. हे आम्हाला दहा वर्षांत सुचलं नसतं.

पामबीच_रात्री | २४ जून, रात्री ११:३३

हे मात्र आवडलं. ग्राफिक्सबद्दल मत तेच.

घणसोलीकर | २७ जून, रात्री ८:५०

एक गफलत झालीय, रागावू नका. नवा आयफोन घेतला. जुना भावाला द्यायचा म्हणून साफसफाई करताना ‘चाचणीतून बाहेर पडा’ दाबलं. आता आठवलं.

चिवडा_प्लस | २७ जून, रात्री ८:५२

नवव्या दिवशी! ‘गफलत झालीय’ म्हणे.

तिसरी_चढाई | २७ जून, रात्री ९:४०

११ झालो. सलग १४ मोडले, परत पहिल्यापासून. आज कुणी आलं तरी ११ जुलै, पुढे तपासणी. प्लेवरून १५ तारीख गेली. घणसोलीकर, राग नाही, माझंच चुकलं. आयत्या वेळेसाठी दोन-तीन जास्तीचे घ्यायला हवे होते. राखीव खेळाडू कशाला असतात हे मीच विसरलो.

खोखोवाली | २७ जून, रात्री १०:१०

मी येते. अट एकच, ती कागदावरची पाच पानं मला पाठवायची.

तिसरी_चढाई | २७ जून, रात्री १०:१२

पाठवली. चौथ्या पानावर चहा सांडलाय, चूभूद्याघ्या.

क्रिकेट०७_अजूनही | २८ जून, दुपारी १२:००

१५ तारीख सोडू नका. प्लेची वाट न बघता इच डॉट आयओ ह्या हौशी गेमवाल्यांच्या साइटवर फाइल टाका. तिथे ना फी ना १२ जण. लोकांना फोनवर ‘अनोळखी स्रोत’ची परवानगी द्यावी लागेल, म्हणून दोन ओळी मराठीत समजावून लिहा. प्ले आठवड्याने येईल तेव्हा येईल. आमचं २०११ चं सगळं असंच फोरमवरून आणि पेन ड्राइव्हवरून फिरलंय.

तिसरी_चढाई | १५ जुलै, सायंकाळी ६:३०

वर आलाय. इच डॉट आयओवर, फुकट. लिंक माझ्या प्रोफाइलमध्ये. प्लेवर अर्ज ११ तारखेला गेला, उत्तराची वाट आहे.

नवं काय: पंचाला कान आलेत. बाद झालेले रांगेने आत येतात. महिलांचं मैदान आहे, १२ बाय ८. ४१ पैकी ४० ठिकाणी बदल झाला. एकेचाळिसावं आज सकाळी सापडलं, कारण महिलांच्या सामन्यात बोनस रेषा प्रेक्षकांतल्या तिसऱ्या खुर्चीवर जात होती. पहिला सामना खारघरच्या बाईंनी ताईंशी खेळला आणि ३१-१८ ने हरल्या.

उजवा_कोपरा | १५ जुलै, रात्री ८:०५

३१-१७. एक बोनस तुमच्या मशीनने जास्तीचा दिला तिला, मागचा पाय टेकलेला होता. बघा जरा.

मातीतला | १५ जुलै, रात्री ८:४०

धूळ आवडली.

आईची_नजर | १५ जुलै, रात्री ९:५५

बग सांगते. बाल्कनीला पत्रा आहे. चढाई सुरू झाली आणि वर धो-धो पाऊस आला. मुलगा गप्प बसलाय, तोंड मिटून, आणि चढाईपटूचा दम २६ सेकंद चालू.

तिसरी_चढाई | १५ जुलै, रात्री ९:५८

गोंगाट आधी मोजला आणि पाऊस नंतर आला. नोंद घेतली, क्रमांक ६३.

चिवडा_प्लस | १५ जुलै, रात्री ९:५९

पाऊस पकडला गेला का शेवटी?

आईची_नजर | १५ जुलै, रात्री १०:०१

नाही, बोनस घेऊन परत आला.